एमआरआयमध्ये "कंजॉइंड नर्व्ह रूट" आलंय, आता काय करायचं?

पत्र असं आलंय:

"मॅडम नमस्कार. आम्ही कराडकडचे. आमचे मालक टेम्पो चालवतात, वय ४१, आठवड्याला चार खेपा पुण्याला मार्केट यार्डात भाजी घेऊन. दीड महिन्यापूर्वी क्रेट उचलताना कंबरेत उसण भरली, चार दिवसांनी डाव्या पायात कळ उतरायला लागली ती अजून आहे. अंगठ्यात पण मुंग्या येतात आणि करंगळीच्या कडेला पण. पहिले डॉक्टर म्हणाले गादी एवढीशीच सरकलीय, एवढ्यानं एवढं दुखत नसतं, टेन्शन घेऊ नका. मग एमआरआय काढला, त्यात शेवटी लिहिलंय की डाव्या बाजूला एल-५ आणि एस-१ ची कंजॉइंड नर्व्ह रूट, जन्मजात. दुसरे डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात ऑपरेशन करून टाकू, त्या ओळीबद्दल विचारलं तर म्हणाले ते सोडून द्या. सासूबाईंनी जन्मजात हा शब्द ऐकला तेव्हापासून त्या नीट जेवत नाहीत, म्हणतात माझ्याच पोटात खोट राहिली, मी ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती. मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला पण असेल का? फाईल टेम्पोतच असते म्हणून रिपोर्टचा फोटो पाठवतेय."

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंचं. त्यांना आज जेवायला वाढताना माझं नाव घेऊन सांगा की ग्रहण, विळी, भाजी याचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही. बाळ पोटात अगदी लहान असताना, म्हणजे बाईला दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं त्या सुमारास, मणक्यातल्या नसांची मुळं आपापल्या जागा धरत असतात. त्यात दोन शेजारची मुळं एकत्रच राहिली, इतकंच झालंय. कुणी काही खाल्लं, चिरलं, उचललं म्हणून ते होत नाही. आणि त्या माऊलीनं जन्माला घातलेला मुलगा ४१ वर्षं धडधाकट होता, क्रेट उचलत होता, रात्रीच्या खेपा मारत होता, ही नस तेव्हाही अशीच होती. याला खोट म्हणत नाहीत.

मी सर्जन नाही हे आधीच सांगते. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना बरीच वर्षं शरीररचना शिकवली, डिसेक्शन हॉलमध्ये उभी राहून. त्यामुळे ऑपरेशन करा की करू नका हे मी पत्रातून ठरवणार नाही, पण ती जी शेवटची ओळ आहे ना, जिच्याबद्दल तुम्हाला "सोडून द्या" म्हणून सांगितलं, ती ओळ मी हाताने चाचपून पाहिलेली आहे आणि ती सोडून देण्यासारखी नाही. म्हणून आज जरा लांब लिहिते, सावकाश वाचा.

पाठीच्या कण्यात जी मुख्य दोरी असते, मज्जारज्जू, ती कंबरेच्या वरच्या भागातच, साधारण पहिल्या दुसऱ्या मणक्यापाशी संपते. त्याच्या खाली नुसती मुळं लोंबत असतात, घोड्याच्या शेपटीसारखी, आणि पाण्यात भिजलेल्या शेवया कशा मऊ असतात तशी. ही सगळी एका पातळ पिशवीत असतात. प्रत्येक मूळ आपल्या मणक्यापाशी आलं की पिशवीतून बाहेर पडतं, पडताना पिशवीचाच एक छोटा बाहीसारखा भाग अंगावर घेऊन, आणि हाडातल्या आपल्या भोकातून पायाकडे जातं. एक मूळ, एक बाही, एक भोक. पुस्तकात असंच चित्र असतं आणि बहुतेक माणसांत असतंही.

आमच्या हॉलमध्ये एकदा मुलांनी कमरेच्या मणक्यांची मागची हाडं कापून पिशवी उघडी केली होती. मुलं एकेक बाही मोजत होती, चिमट्याने उचलून. एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, मॅडम इथे एक कमी आहे, आमच्याकडून तुटली वाटतं. मी वाकून पाहिलं तर तुटलेलं काही नव्हतं. डाव्या बाजूला शेवटच्या दोन मुळांच्या जागी एकच बाही निघाली होती, शेजारच्या बाह्यांपेक्षा जाड, पेन्सिलीएवढी. बारीक कात्रीने ती उभी चिरली, आत दोन दोर शेजारी शेजारी, एकाच पांघरुणात झोपलेल्या दोन भावंडांसारखे. थोडं पुढे जाऊन वेगळे झाले, खालचं सरळ खाली गेलं, आणि वरचं, जे खरं तर वरून निघायला हवं होतं, ते खालून निघून जवळजवळ आडवं वळून आपल्या भोकाकडे गेलं होतं. मी ते चिमट्याने बाजूला सरकवायचा प्रयत्न केला. शेजारचं साधं मूळ सहज दोन तीन मिलिमीटर इकडेतिकडे होत होतं, हे हललंच नाही. देहदान केलेले ते आजोबा होते. त्या दिवशी सगळी बॅच आळीपाळीने तिथे येऊन वाकून गेली आणि आम्ही वर्गात त्याला जोडमूळ म्हणायला लागलो, मी इथेही तेच म्हणते.

तुमच्या मालकांना जे आहे ते हेच. एल-५ म्हणजे कमरेच्या पाचव्या, शेवटच्या मणक्याचं मूळ आणि एस-१ म्हणजे त्याच्या खालच्या मोठ्या हाडातलं पहिलं मूळ.

हे काही जगावेगळं नाही, डॉक्टरी साहित्यात १९४९ पासून त्याचं वर्णन आहे. १९८३ साली नीड्रे आणि मॅकनॅब या दोन डॉक्टरांनी त्याचे तीन मुख्य प्रकार केले, तेच आजही वापरतात. पहिल्यात दोन मुळं एका बाहीतून निघतात पण पुढे आपापल्या भोकाने जातात, दुसऱ्यात दोघं एकाच भोकातून बाहेर पडतात, तिसऱ्यात मुळं वेगळी असतात पण मध्ये एक आडवा धागा दोघांना जोडतो. आणि सगळ्यात जास्त सापडायची जागा म्हणजे शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं मोठं हाड यांच्यामधली, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधली एल-५ एस-१ हीच. १९८४ च्या एका अभ्यासात १०० देह तपासले तेव्हा १४ जणांमध्ये या भागातल्या मुळांत काही ना काही वेगळेपण सापडलं, आणि त्याच अभ्यासात जिवंत पेशंटचे १०० फोटो पाहिले, त्या काळी पाठीत औषध सोडून एक्सरे काढायचे, तर फक्त ४ जणांत दिसलं. हा फरक नीट लक्षात घ्या. म्हणजे फोटोत न दिसता ते असू शकतं. एमआरआय खूप पुढे गेलाय तरी अजूनही असं होतं, कारण काप आडवे घेतलेले असतात आणि त्यात जाड बाही ही सरकलेल्या गादीच्या तुकड्यासारखीच दिसते, कधी कधी गाठीसारखीही. तुमच्या रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ते ओळखून लिहिलं, मला तर त्यांचं कौतुक वाटलं, अशी नजर सगळ्यांची नसते.

आता दुखण्याकडे येऊ, कारण "एवढ्यानं एवढं दुखत नसतं" हे वाक्य मला फार लागलं. साध्या माणसात शेवटची गादी मागे सरकली की शक्यतो एस-१ चं मूळ दबतं, म्हणजे टाच, तळवा, करंगळीची कड. एल-५ चं मूळ तोवर वरून निघून बाजूला गेलेलं असतं, ते सुटतं. अंगठा आणि पायाचा वरचा भाग हा एल-५ चा प्रांत. तुमच्या मालकांना दोन्हीकडे मुंग्या येतात म्हटल्यावर पहिल्या डॉक्टरांना ते जुळेना, आणि जुळेना म्हणून त्यांनी ते टेन्शनच्या खात्यात टाकलं. पण जोडमूळ असेल तर दोन्ही मुळं एकाच गादीसमोर उभी असतात, अगदी अडचणीच्या जागेत, एकाच्या जागी दोघं. आणि सरकायला वाव नाही, तर गादी एवढीशी जरी बाहेर आली तरी साधं मूळ बाजूला होऊन वाचलं असतं, हे होत नाही. त्यामुळे लहान फुगवट्यानंही जोरात दुखू शकतं आणि दोन नसांच्या वाटेनं दुखू शकतं. मालकांना सांगा की तुमचं दुखणं खरं आहे आणि ते रचनेशी जुळतंय. हे ऐकायला त्यांना कुणीतरी हवं होतं असं तुमच्या पत्रावरून वाटलं.

मग लगेच ऑपरेशन का? माझं स्पष्ट मत, पायात ताकद कमी झालेली नसेल, लघवी संडासचा काही त्रास नसेल, तर "याच आठवड्यात" असं काही नाही. गादी सरकून पायात कळ येणाऱ्या बहुतेक लोकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो, बाहेर आलेला तुकडा शरीर हळूहळू जिरवतं. तुमचा सातवा आठवडा चाललाय. जोडमूळ आहे म्हणून आपोआप ऑपरेशन लागतं असं नाही, असंख्य लोक ते घेऊन जगतात आणि कधी कळतही नाही.

पण रोज एक गोष्ट तुम्ही स्वतः बघायची. सकाळी मालकांना ओसरीवर दहा पावलं टाचेवर चालायला लावा, मग दहा पावलं चवड्यावर, आधार लागला तर तुमचा हात धरून. डावा पाय टाचेवर उभा राहताना पंजा खाली पडायला लागला, किंवा चवड्यावर टाच उचलेना, आणि हे काल होत होतं आज होत नाही, तर फोन करून वेळ घेत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि लघवी तुंबली, किंवा लागलेली कळेना, किंवा बसायच्या जागेवर, मांड्यांच्या आतून, जिथे खोगीर टेकतं तिथे बधिरपणा आला, तर मध्यरात्र असली तरी गाडी काढायची आणि ज्या हॉस्पिटलात मणक्याचं ऑपरेशन होतं तिथेच जायचं. तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही. हे लाजेपोटी पुरुष सांगत नाहीत म्हणून तुम्हीच रोज सरळ विचारा.

एवढ्यात मणक्याच्या आणखी एका सर्जनचं मत घ्या. आधीच्यांवर अविश्वास म्हणून नाही, तुमचा हक्क म्हणून. तिथे गेल्यावर कागद नुसता देऊ नका, रिपोर्टवर अवलंबून राहणारे खूप असतात, फिल्म आणि सीडी समोर ठेवा आणि म्हणा की डॉक्टर, हे जोडमूळ तुम्ही स्वतः बघून मला दाखवा. ते म्हणाले की समोरून घेतलेले काप नाहीत, ते काढून आणा, तर काढा, कारण समोरून पाहिलं की दोन मुळं एका जागेतून निघताना जास्त स्पष्ट दिसतात. मग विचारा की मणके वरून मोजलेत का. हा प्रश्न बावळट वाटेल पण विचाराच, कारण काहींच्यात कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला चिकटलेला असतो किंवा उलट खालचं हाड सुटं असतं, इटलीच्या डॉक्टर बर्तोलोत्ती यांनी १९१७ सालीच त्याचा कंबरदुखीशी संबंध लिहून ठेवलाय, आणि अशा माणसात चौथा कुठला पाचवा कुठला याचा घोळ होऊन भलत्याच जागी ऑपरेशन होऊ शकतं. मणक्यांचा आकडा एकदा पक्का झाला की मगच नसेचा आकडा पक्का.

आणि शेवटी विचारा की ऑपरेशन करायची वेळ आलीच तर या मुळाला तुम्ही कसं सांभाळणार. का ते सांगते. नेहमीच्या गादीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन छोटी खिडकी करतात, नसेचं मूळ हळूच बाजूला ओढून धरतात आणि मागचा तुकडा काढतात. त्या आजोबांच्यात मी जे सरकवायला गेले आणि सरकलं नाही, ते आठवा. जे मूळ सरकतच नाही ते ओढलं तर ताणलं जातं, फाटू शकतं, आणि मेलेल्या माणसात ते नुसतं शिकण्यासारखं असतं, जिवंत माणसात पाय कायमचा लुळा पडू शकतो. त्याहून वाईट म्हणजे माहीत नसेल तर जाड बाही बघून हाच गादीचा तुकडा आहे असं वाटू शकतं. आधीपासून माहीत असलं तर सर्जन हाड जास्त उघडतात, मूळ मोकळं करतात, ओढत नाहीत, वेळ जास्त ठेवतात. हे सगळं त्यांना येतं, फक्त आत शिरायच्या आधी ठाऊक पाहिजे. ज्यांनी हा प्रश्न ऐकून खुर्ची पुढे ओढली आणि तुमच्यासमोर फिल्म लाइटवर लावली, त्यांच्याकडे जा. ज्यांनी पुन्हा सोडून द्या म्हटलं त्यांच्याकडे मी माझ्या भावाला पाठवणार नाही.

ऑपरेशनच्या आधीची एक पायरी आहे तीही विचारा, त्या मुळापाशी मशीनमध्ये बघून सुई देतात. त्याने सूज उतरून काही जणांना बराच आराम पडतो, आणि दुखणं नेमकं तिथूनच येतंय का हेही कळतं. खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण घर टेम्पोवर चालतं म्हणजे कळतंच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच आधी भेटा, कुठलं ऑपरेशन बसतं ते तो सांगेल.

गोळ्यांबद्दल फार महत्त्वाचं. फोटोत प्रिस्क्रिप्शनचा कोपरा दिसतोय, त्यात प्रीगाबालिन आहे. नसेच्या दुखण्यावर ती देतात, पण तिने गुंगी येते, झोप येते, आणि मालक पहाटे तीनला कराडहून निघतात. ही गोळी चालू असताना स्टिअरिंगवर बसू द्यायचं नाही, खेप दुसऱ्याला द्या. आणि मनानं एकदम बंदही करायची नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची.

गावात कुणीतरी हाडवैद्याकडे नेऊन कंबर मोडून आणायला सांगणारच. नको. जिथे एकाच्या जागी दोन मुळं दाटीवाटीनं बसलीत आणि गादी वरून रेटतेय तिथे झटका देऊन पीळ देणं म्हणजे काय होईल ते मला विचार करवत नाही. बिछान्यात पडून राहायचंही नको, दुखणं सोसेल तेवढं घरात, अंगणात चालायचं, दिवसातून पाच सहा वेळा थोडं थोडं. बसायचं कमी. मागच्या खिशातलं पाकीट काढून टाका. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. संडासला काही दिवस उकिडवं बसण्याऐवजी खुर्चीचा कमोड घ्या, मेडिकलवाल्याकडे भाड्यानेही मिळतो. फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा त्यांनाही जोडमूळ सांगा, म्हणजे नस ताणायचे व्यायाम ते जपून देतील.

मुलाचं. त्याला काही दुखत नसेल तर त्याचा एमआरआय काढायचा नाही. बापाला आहे म्हणून त्याला असेलच असं नाही, आणि असलंच तरी त्यात आज करण्यासारखं काहीच नाही. त्याला कबड्डी खेळू दे, त्याच्यासमोर जन्मजात जन्मजात हा विषय सारखा नको.

फाईलच्या कव्हरवर जाड मार्करने लिहा, डावीकडे एल-५ एस-१ जोडमूळ, कंजॉइंड नर्व्ह रूट, आणि तारीख. एक चिठ्ठी त्यांच्या लायसनच्या मागे घाला. दहा वर्षांनी कंबरेत पुन्हा काही झालं, दुसरं गाव असलं, दुसरे डॉक्टर असले, तरी ही ओळ त्यांच्याबरोबर गेली पाहिजे. आणि ताई, फाईल टेम्पोत नको हो. त्या फिल्म उष्णतेने काळ्या पडतात, एकमेकींना चिकटतात, डॅशबोर्डवर दुपारच्या उन्हात दोन दिवस राहिल्या तर जे दाखवायचंय तेच दिसणार नाही. आज संध्याकाळीच आणून कपाटात साड्यांच्या खाली आडव्या ठेवा, आणि सीडीची एक कॉपी सायबर कॅफेवाल्याकडून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.